सोमवारची गाठ

आक्का, तुम्हाला जाऊन आज महिना झाला. गावभर तुमचं गुणगान चाललंय. "अशी नणंद मिळायला नशीब लागतं गं," असं बायका दारात येऊन मला सांगून जातात. मी मान हलवते. दुसरं काय करू? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणे. पण गेलेल्या माणसाशी बोलायला कुणी बंदी घातलेली नाही, म्हणून आज बसलेय. हे, म्हणजे तुमचे धाकटे भाऊ, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून कागद आणतात. त्यातल्याच एका कागदाच्या पाठीवर लिहितेय. माझ्या वडिलांनी कडोलीच्या शाळेत स्वतः मास्तरकी करून मला चौथीपर्यंत शिकवलं, त्याचा तुम्हाला कायम राग. "मास्तराच्या लेकी, कागदावर भाकरी थापतीस काय गं?" हे तुमचं ठरलेलं. आता ऐका मास्तराच्या लेकीचं. या खेपेला तरी मधे तोंड घालता येणार नाही तुम्हाला.

तुम्हाला शेवटची आंघोळ घालताना शेजारच्या बायकांनी तुमच्या पदराची गाठ सोडली. आत काही नव्हतं. "रिकामी गाठ कशाला बांधली असंल म्हातारीनं?" कुणीतरी म्हणालं. तुमच्या गाठी रिकाम्याच असायच्या, हे आपल्या घराला ठाऊक होतं. पण त्या सोमवारी बांधलेल्या असायच्या. ही गाठ तुम्ही बुधवारी बांधलीत. माझ्यासमोर, माझ्या तोंडावर, मी जे बोलले त्यानंतर.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. कारण सोळा वर्षांत आपण दोघी हे एकदाही तोंडानं बोललो नाही.

बाळू माझा पहिला. दोन वर्षांचा होऊन गेला. आपल्या घरात एकादशी कडक. सासूबाईंच्या राज्यात त्या दिवशी चुलीवर दुसरं काही चढायचं नाही. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, दाण्याचा कूट आणि गूळ घालून लाडू. लहान पोरांनाही तेच. त्याआधीच्या दोन एकादशींना बाळूच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, लालभडक, पोटापासून मानेपर्यंत. सासूबाईंनी दृष्ट काढली. तुम्ही आमसुलाचं पाणी चोळलंत. मीही म्हणाले, उष्णता असेल. वांगं बाधतं, मसूर बाधते, शिळं बाधतं, हे आपल्याला शिकवलेलं. पण उपासाच्या अन्नाला नाव कोण ठेवणार? देवासाठी केलेलं बाधेल असं मनात आणणंसुद्धा पाप. जे सगळ्यात शुद्ध, तेच आपण पोराला पुन्हा पुन्हा भरवत होतो.

तिसऱ्या एकादशीला तुम्ही सकाळीच लाडू वळलेत आणि बाळूला जवळ घेऊन भरवलात. घटकाभरात त्याचे ओठ सुजले, डोळे मिटले, घशातून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. ह्यांनी निपाणीला न्यायला गाडी जुंपली. बैल वेशीपर्यंतही गेले नाहीत.

आणि मग सासूबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आवसेला म्हायेरासनं आली ही. पोराला घेऊन नदी वलांडली. बाहीरचं लागलं माझ्या नातवाला." सगळं गाव ऐकत होतं. तुम्ही उंबऱ्यात उभ्या होता. तेव्हा तुम्हालाही खरं ठाऊक नव्हतं, हे मी मान्य करते. त्या दिवसाचं मी तुम्हाला काही बोलत नाही. दीड वर्ष माझ्या हातचं पाणीसुद्धा कुणी आपल्या लेकराला देत नव्हतं, त्याचंही नाही.

माझं भांडण आहे ते चंपाच्या एकादशीपासूनचं.

चंपा चौदा महिन्यांची होती. तुम्ही आमटीत बोट बुडवून तिच्या ओठाला लावलंत, आपण सगळ्याच पोरांना लावतो तसं. ओठ जिथल्या तिथं फुगला. गालावर गांधी उठल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आक्का, तुमचं ते बघणं मी विसरलेले नाही. पुढच्या क्षणी तुम्ही पोरीला मांडीवर पालथी घेतलीत, घशात बोट घालून ओकायला लावलंत, तोंड धुतलंत, पुन्हा धुतलंत. दुपारपर्यंत सूज उतरली. मग तुम्ही उठलात, माळ्यावरचं शेंगांचं पोतं एकटीनं ओढत अंगणाबाहेर नेलंत. डब्यातला कूट उकिरड्यावर टाकलात.

"अगं ए, खूळ लागलं काय तुला? एकादशीला खायाचं काय मग?" सासूबाई ओरडल्या.

"खोबरं खावा. न्हायतर उपाशी ऱ्हावा. उपास हाय न्हवं?"

मला हसूही आलं होतं त्या वेळी. मग हसू थांबलं आणि मी वाट बघत बसले. आता आक्का बोलतील. आईला म्हणतील, बाळूबी ह्यानंच गेला, हिचा काय दोष न्हवता. एवढंच वाक्य. त्या दिवशी नाही बोललात. म्हटलं, उद्या बोलतील. पुढे पाच वर्षं सासूबाई जगल्या. मरताना माझा हात धरून म्हणाल्या, "आवसेचं ध्यानात ठेव, चंपाला घिऊन कुठं जाऊ नगंस." तुम्ही त्यांचे पाय चेपत होता. पाय चेपतच राहिलात.

शाबास, आक्का!

आता तुमचे सोमवार. ते सांगितल्याशिवाय तुमची आठवण पुरी होणार नाही, आणि खोटं मला लिहायचं नाही. निपाणीच्या डॉक्टरांनी चंपाला बघून सांगितलं होतं, काही पोरांना काही अन्न सोसत नाही, जे सोसत नाही ते देऊ नका. "पण काय सोसत न्हाय ते आदी कळायचं कसं?" तुम्ही विचारलंत. डॉक्टरांनाही ते नीट सांगता आलं नाही. तुम्हीच घरी येऊन रीत काढलीत. नवं अन्न सोमवारी. एका वेळी एकच. सकाळी, चांगला उजेड असताना, म्हणजे अंगावर काही उठलं तर दिसेल. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावायचं. मग ओठाच्या कडेला. मग तांदळाच्या दाण्याएवढं जिभेवर. मग दिवेलागणीपर्यंत तुम्ही पोरीसमोरून हलायच्या नाहीत. मंगळवारी दोन दाण्यांएवढं, बुधवारी चार. आणि पदराला गाठ, आठवडाभर. लुगडं बदललं की गाठ नव्या लुगड्याला. गाठ आहे तोवर घरात कुणी पोरीला दुसरं काही नवं द्यायचं नाही. पुढच्या सोमवारी पोरगी धडधाकट असली की गाठ सोडायची आणि म्हणायचं, "चवळी आपली झाली." हरभरा आपला झाला. मेथी आपली झाली.

तीळ मात्र लवकर आपला झाला नाही. पहिल्या खेपेला तिच्या जिभेला खाज सुटली. तुम्ही तिळाचं गाडगं आढ्याला टांगलंत आणि दोन वर्षं तिकडे बघितलं नाही. तीन संक्रांती पोरीनं नुसत्या गुळाच्या खड्यावर काढल्या. तिसऱ्या संक्रांतीनंतरच्या सोमवारी तुम्ही तळहातावर एक तीळ घेऊन बसलात. एक. मला हसू आवरेना. "आक्का, मुंगीचं बारसं हाय काय?" असं मी म्हणालेसुद्धा. तुम्ही लक्ष दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन तीळ. चौथी संक्रांत आली तेव्हा चंपानं तिळाचा अख्खा लाडू खाल्ला. तुम्ही तोंडाला पदर लावून न्हाणीत गेलात आणि बराच वेळ आला नाहीत.

तेलाचंही तसंच. शेंगतेल घरातून गेलं, करडईचं आणायचं ठरलं. पण तेल्याच्या घाण्यावर आधी शेंगदाणा गाळलेला असला तर? तुम्ही स्वतः तेल्याकडे गेलात, घाणा कढत पाण्यानं धुवून घेतलात आणि करडई संपेपर्यंत बैलाशेजारी बसून राहिलात. तो कानडी माणूस वैतागला. तुम्ही त्याच्यावर त्याच्याच कानडीत ओरडलात, "शेंगा बेड म्हंजे बेड!" नको म्हणजे नको. तेव्हापासून तुम्ही दिसलात की तो आधी घाणा धुवायला घ्यायचा.

या सगळ्याबद्दल मी तुमच्या पाया पडायला हवं होतं. पडलेही असते. पण सोमवारी तुम्ही मला चुलीजवळ येऊ द्यायच्या नाहीत. माझी लेक, माझी चूल, आणि मी परसात. "तू घाई करतीस. सर तिकडं." दर सोमवारी हेच. चौदा वर्षांत मी माझ्या पोटच्या पोरीला एक नवा घास माझ्या हातानं भरवला नाही. तुमच्या त्या "घाई करतीस"नं माझ्या अंगाची आग व्हायची. वाटायचं, वा गं बाई! पोराला लाडू भरवला तुम्ही, नाव आलं माझ्या अमावास्येवर, आणि वर घाई करणारी मी!

आता बुधवारचं.

उचगावचं स्थळ चालून आलं होतं. घर चांगलं, शेती चांगली, मुलगा बेळगावात शिकायला. चंपाला चौदावं सरत आलेलं. आपण दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. तुम्ही सूप खाली ठेवलंत.

"त्यास्नी आदी सांग, पोरीला दाणा चालत न्हाय म्हणून."

"सांगितलं तर कोण करून घेईल तिला? खोड असलेली पोरगी म्हणतील."

"म्हणूंद्यात. घरात ऱ्हाईल तर जित्ती ऱ्हाईल. तितं पयल्या एकादशीला सासू ताट वाढंल. नव्या सुनंला 'नगं' म्हणायला तोंड हाय व्हय?"

"मी चंपाला समजावीन. ती चुकवील."

"किती दिस चुकवील? कूट भाजीत असतोय, चटणीत असतोय, तेलात असतोय. सांग गं बाई. तोंड उघड."

तोंड उघड! हे तुम्ही मला म्हणालात. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुम्ही कधी उघडलंत? सोळा वर्षं झाली, आक्का. सासूबाई मेल्या, तरी तुमच्या तोंडातनं एक शब्द आला न्हाय. बाळू कशानं गेला, कुणाच्या हातानं गेला, मला काय ठाऊक न्हाय व्हय?"

तुम्ही पदराचं टोक हातात घेतलंत, गाठ बांधलीत, आणि सूप पुन्हा उचललंत. पुढचे पाच दिवस आपण "भाकरी वाढू का" आणि "पाणी तापलं" यापलीकडे बोललो नाही. सोमवारी सकाळी परसात पाय धुताना तुम्ही बसलात त्या उठलाच नाहीत. नव्या अन्नाचा वार, आणि तुम्ही असं केलंत.

तिसऱ्या दिवशी चंपा माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून डोळे सुजलेले. मला तेवढ्यातही वाटलं, काही खाल्लं तर नाही ना हिनं.

म्हणाली, "आई, आत्तीवर राग धरू नको. तिनं मला सांगितलंय सगळं. दादा दाण्याच्या लाडवानं गेला. तिनं भरवलेला."

"कधी सांगितलं?"

"मी आठ वर्षांची असताना. मी विचारलं, सगळं आपलं झालं, मग दाणा कधी आपला होणार? तर म्हणाली, दाणा कधीच न्हाय. तुझा दादा गेला त्यानं. मी आख्खा लाडू भरवला त्याला, माझ्या हातानं."

"आख्खा?"

"व्हय. आख्खा म्हणाली. आईला ह्यातलं काय विचारायचं न्हाय म्हणाली."

आक्का, आख्खा का सांगितलात तुम्ही?

अर्धा माझा होता. मला आठवत नव्हतं असं नाही. आठवायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं, आणि सोळा वर्षं ते पाळलं. आज लिहिते. तुम्ही अर्धा भरवलात, अर्धा त्याच्या मुठीत दिलात. तो रडत परसात आला. मी राखेनं भांडी घासत होते, ढीगभर पडली होती. तो ओठ चोळत होता, लाडू माझ्याकडे ढकलत होता, "नको" म्हणत होता. "नको" हा शब्द त्याला चांगला येत होता. मी ओल्या हातानं तो अर्धा लाडू त्याच्या तोंडात कोंबला आणि म्हणाले, "खा आणि गप बस." घाई होती मला. मान वर केली तर तुम्ही मागच्या दारात उभ्या होता.

तुम्ही बघितलं होतंत. सासूबाईंसमोर तोंड उघडायचं तर सगळंच उघडावं लागलं असतं, आणि मग दुसरा अर्धा कुणी दिला हे मला माझ्या कानांनी ऐकावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलात का? माझ्यावर दया करून? की स्वतःच्या अर्ध्याची भीती होती? की दोन्ही? त्या गाठीत हेच होतं ना? सोमवारी सांगणार होता ना?

मला तुमची दया नको होती, आक्का. अजूनही नको आहे. मी नदी ओलांडल्याचा खोटा दोष सोळा वर्षं वाहिला. त्यापेक्षा अर्ध्या लाडवाचा खरा दोष वाहिला असता. तो माझा होता. तुमच्या शेजारी बसून वाहिला असता. दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून एकदा तरी बाळूसाठी रडलो असतो. तुम्ही तेवढंही होऊ दिलं नाहीत. कुणाला काय सोसेल हे तुम्हीच ठरवायचं, चंपाचंही आणि माझंही. पोरीला एक तीळ देऊन बघितलात. मला एकदाही देऊन बघितलं नाहीत.

तुमचे दिवस घातले त्या दिवशी उचगावची मंडळी भेटायला आली. मुलाची आई आत चुलीपाशी येऊन बसली. माणूस वाईट नाही. म्हणाली, "वैनी, वाईट वाटून घेऊ नका. वरीस सरलं की पोरांचं करून टाकू. चंपाला काय आवडतंय तेवढं सांगा, मी आतापासनं शिकून ठेवते."

सोपं होतं, आक्का. पुरणपोळी म्हटलं असतं की झालं असतं. ह्यांनी दारातून मला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, गप बस म्हणून. मी पदराला हात लावला. सकाळीच मी त्याला गाठ मारली होती. तुमची सोडलेली गाठ कुणीतरी बांधायला हवी होती.

मी म्हणाले, "तिला काय आवडतं ते मागून सांगते. काय चालत न्हाय ते आदी ऐका. शेंगदाणा चालत न्हाय. कूट न्हाय, तेल न्हाय, बोटाला लागलेलं न्हाय. खाल्लं तर जीव जाईल. तिचा भाऊ त्यानंच गेला. अर्धा लाडू माझ्या नणंदेनं दिला आणि अर्धा मी दिला."

ह्यांनी तोंड फिरवलं. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. उचगावची बाई चंपाकडे बघून म्हणाली, "आमच्यात एकादशी लई पाळतात हो." आणि उठली.

आठवड्यानं निरोप आला, मुलाचं इतक्यात करायचं नाही म्हणून. त्यानंतर हे माझ्याशी बोलत नाहीत. गावात आता चंपाचं नाव झालंय. पुढचं स्थळ कधी येईल, येईल की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बरं झालं." म्हणून सांगते, बरं झालेलं नाही. पोरगी रोज न्हाणीत जाऊन रडते.

आज सोमवार. मामलेदाराच्या घरून कुणीतरी काजू दिलेत, कोकणातून आलेले. चंपा म्हणाली, "आई, हे आपलं व्हईल काय गं?" मी काजूचं भांडं आढ्याला टांगलं. म्हटलं, एवढ्यात नको, बघू पुढच्या वर्षी. मग पदराची गाठ सोडली आणि चुलीपुढे बसून तिला चवळी आणि भाकरी वाढली. मला घाई नव्हती. स्थळ गेलं, आक्का. पोरगी समोर बसून जेवली.